काटा सांगेल ते

१

आमच्या धंद्याला दोन माणसं लागतात. एक मागे, एक पुढे. मागचा डिकीत अर्धा वाकून पेट्रोलच्या टाकीचं काम करतो आणि पुढचा स्टिअरिंगसमोर बसून डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघतो. आमच्याकडे मागे हे आणि पुढे मी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला एका गाडीत बसवलं, तेव्हा मला वाटलं फिरायला नेतायत. चांगली साडी नेसून, केसबीस विंचरून बसले होते. हे मागे गेले, डिकी उघडली आणि तिथून ओरडले, "किती गं?" मी म्हटलं, "काय किती?" तेव्हापासून ही नोकरी लागली ती आजतागायत.

जुन्या गाड्यांची मीटरं आणि वायरिंग, एवढंच आम्ही करतो. पद्धत साधी आहे. हे मागून विचारणार, "किती गं?" मी काटा बघून सांगणार. रिकामी, पाव, अर्धी, पाऊण, भरली. नियम एकच, तोही ह्यांचाच. काटा सांगेल ते बोलायचं, मनातलं नाही. डोळ्यांदेखत टाकीत चार डबे ओतले असले तरी काटा पाव म्हणतो तर पाव. आणि विचारलं की लगेच सांगायचं, कारण मागे ह्यांचा हात मनगटापर्यंत टाकीत असतो आणि बोटांना रग लागते. मान वळवायची सोय नाही, काटा तेवढ्यात हलतो. वळवून उपयोगही नाही, डिकीचं झाकण वर असल्यामुळे मागचं काहीच दिसत नाही. आवाज तेवढा येतो. इतक्या वर्षांत असं झालंय की प्रश्न कानावर पडला की उत्तर तोंडातून निघून जातं. मध्ये मी कुठे नसतेच.

आम्हाला मूलबाळ नाही. भांडायलाही एकमेकंच. गेल्या हिवाळ्यात ह्यांच्या छातीत दुखलं आणि हॉस्पिटलात राहावं लागलं. परत आले ते निम्मे होऊन. डॉक्टरांनी आराम सांगितला. आराम आणि हे, म्हणजे मांजराला आंघोळ. मी म्हटलं, बरं, काम करा, पण हलकं. इंजिन नको, गिअरबॉक्स नको, मीटर असेल तर घ्या. म्हणून ती गाडी आम्ही घेतली. मीटरचंच तर काम होतं.

२

गाडी दातांच्या डॉक्टरची. जुनी, गोल पाठीची, मलईच्या रंगाची. त्याने ती लिलावात घेतली होती आणि नव्या नवरीसारखं तिच्याभोवती फिरत होता. "गाडी फर्स्ट क्लास आहे, मावशी," तो म्हणाला, "फक्त पेट्रोलचा काटा खोटं बोलतो. टाकी भरली तरी उतरत जातो. गाडी उभी असली तरी."

"दुखणार नाही म्हणून तुम्हीही सांगताच की," मी म्हटलं. हसला बिचारा.

पेट्रोलच्या मीटरवर काळी चिकटपट्टी लावलेली होती. एकच नाही, थरावर थर. वरची नवी, तिच्याखालची जुनी, सगळ्यात खालची तर वाळून खपलीसारखी झालेली. मी नखाने सोलत बसले. "ज्याला दुरुस्त करता येत नाही, तो झाकून ठेवतो," हे म्हणाले आणि माझ्या हातात फडकं दिलं.

काम नेहमीच्या क्रमाने सुरू केलं. आधी बॅटरी. मग अर्थिंग. मग टाकीकडून येणारी वायर काढून बॉडीला टेकवायची; मीटर धडधाकट असेल तर काटा उडी मारून दुसऱ्या टोकाला जातो. गेला. म्हणजे दोष मीटरचा नाही, टाकीतला. मग ह्यांनी टाकीतलं फ्लोट बाहेर काढलं. फ्लोट म्हणजे लांब दांड्याला लावलेलं बूच, पेट्रोलवर तरंगतं. दांडा हाताने वर-खाली केला की पुढे काटा तसाच वर-खाली व्हायला पाहिजे.

"किती गं?"

"पाव."

"आता?"

"अर्धी. हलतोय, थांबा. अर्धीच."

सगळं चोख. बूच भिजलेलं नव्हतं, दांडा वाकलेला नव्हता. पुन्हा बसवलं, काठी घालून बघितलं तर पेट्रोल गळ्यापर्यंत, आणि काटा पाऊणवरून खाली घरंगळतोय. ह्यांना मजा वाटत होती. असले आडमुठे दोष सापडले की ह्यांच्या गालावर रंग यायचा. त्यांना पुन्हा पाना धरताना बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुपारपर्यंत तेच. मागून "किती गं?" आणि पुढून मी. "अर्धी," मी सांगितलं. जरा वेळाने पुन्हा, "किती गं?" "अर्धीच हो." पुन्हा, "किती गं?" "अहो, आत्ताच तर सांगितलं, कान कुठे ठेवलेत?" मी म्हटलं, आणि समोरच्या काचेतून बघते तर हे घराच्या दारातून वर्कशॉपात येत होते. एका हातात गोळ्यांची डबी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास.

"कोणाशी भांडतेयस?" ह्यांनी विचारलं.

३

मी खाली उतरले आणि मागे गेले. डिकी वर, आत कोणी नाही. टाकीचं तोंड उघडं. फ्लोट बाकावर फडक्यावर वाळत ठेवलेलं. ह्यांनी ते कधी काढलं, मला माहीत नव्हतं. "तू अर्धी म्हणालीस, तेव्हाच काढलं आणि गोळी घ्यायला गेलो," हे म्हणाले. "तुला सांगितलं होतं की."

सांगितलं असेल. माझं लक्ष काट्याकडे असतं. आवाज तर गल्लीतूनही येतो, पत्र्याखाली घुमतो, खोलीत कोणी शिंकलं तर डिकीत शिंकल्यासारखं वाटतं. मी स्वतःची समजूत काढली आणि ती पटलीही. पटली नाही ती एकच गोष्ट. फ्लोट बाकावर आणि त्याची वायर सुटी लोंबत असताना काटा तळाला पडायला पाहिजे. तो अर्ध्यावर उभा होता.

"अडकला असेल," हे म्हणाले आणि काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्या रात्री ह्यांनी अर्धंच जेवण केलं. विचारलं तर म्हणाले, भूक होती, पण हात तोंडापर्यंत न्यायचा कंटाळा आला.

सकाळी ह्यांनी मीटरच डॅशबोर्डमधून काढलं, बॅटरी जोडून तपासलं आणि पुन्हा बसवलं. मीटर निर्दोष. मला म्हणाले, बस आणि लक्ष ठेव. हे माझ्यासमोर बाकाशी उभे राहून वायर सोलत होते. समोरच्या काचेतून मला स्वच्छ दिसत होते. वायर सोलताना हे तिचं टोक दातात धरतात. दातांचा डॉक्टर ह्यावरून त्यांना रागावलाही होता.

मागून खोकल्याचा आवाज आला. मग, "किती गं?"

"अर्ध्याला जरा कमी," मी सांगितलं.

सांगून झाल्यावर मला कळलं. हे समोर होते. वायर दातात होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर काटा हळूच खाली सरकला, पावावर येऊन टेकला. बाकावरून पक्कड पडली. हे बाकाला धरून खाली बसत होते, सावकाश, कोणी खांदे दाबावेत तसे.

"चक्कर आली जरा," मी धावत गेले तेव्हा हे म्हणाले.

"तुम्ही ऐकलंत का?"

"तुझंच ऐकलं. अर्ध्याला कमी म्हणालीस. म्हटलं, ही सांगतेय कोणाला?"

४

मी अशी घाबरणारी बाई नाही. उंदीर, झुरळ, वीज, गिऱ्हाईक, कशालाच नाही. पण त्या दिवशी घाबरले. ह्यांना आतल्या खोलीत निजवलं. ती खोली वर्कशॉपला लागूनच आहे, मध्ये एक भिंत. डॉक्टर येऊन गेले. अशक्तपणा, म्हणाले, हॉस्पिटलातून आल्यावर इतकी धावपळ करायची नसते. गोळ्या वाढवल्या. मला ते सगळं पटत होतं. माणूस आजारी होता आणि आजारी माणसाला चक्कर येते, ह्यात नवल काय?

पण आमच्या कामात एक शिस्त असते. दोष शोधायचा तर एकेक गोष्ट तोडत जायची. राहील तिच्यात दोष. ह्यांचा डोळा लागल्यावर मी वर्कशॉपात गेले. चावी काढून घेतली. बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या. मीटरच्या मागच्या तारा काढल्या. आता त्या काचेमागे एक पत्र्याची डबी आणि तिच्यात एक काटा, बाकी काही नव्हतं. काटा पावावर होता. मी डिकी बंद केली आणि जाऊन पुढे बसले. बसायला नको होतं. पण खात्री केल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा स्वभाव.

बंद डिकी उघडल्याचा आवाज आला. तिची बिजागरी करकरते. मग हातातलं फडकं बाजूला टाकल्याचा. मग खोकला.

"किती गं?"

मी तोंडात पदर कोंबला. भरदुपार होती, शटर उघडं होतं, समोर गल्लीतून एक माणूस सायकल ढकलत नेत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"किती गं?" पुन्हा. जराही चढा आवाज नाही. हे कधीच आवाज चढवत नाहीत. मी मूग गिळून बसले. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही, पण त्या वेळी जमत होतं. पेट्रोल हलल्याचा आवाज तेवढा, टाकीत हात फिरवल्यावर होतो तसा.

मग मागून आवाज आला, दमलेला, "अगं, बोटं गेली माझी. सांग की."

हे असंच म्हणतात. थंडीच्या दिवसात पेट्रोल बर्फासारखं लागतं, तेव्हा अगदी असंच. तिथे हे नाहीत, हे मला माहीत होतं. भिंतीपलीकडे ते झोपलेत, हेही माहीत होतं. आणि तरी माझा जीव कळवळला. कळवळला आणि तोंड उघडलं.

"पाव," मी म्हटलं.

भिंतीपलीकडे पाण्याचा तांब्या खाली पडला आणि गडगडत गेला.

५

हे खाटेवरच होते. तांब्याकडे हात नेला, पण तो उचललाच गेला नाही, म्हणाले. हात बघत होते स्वतःचा, उलटासुलटा करून. मी त्यांच्या तळव्याला तेल चोळलं. हात गार होता आणि हलका. इतका हलका हात मी पूर्वी धरलेला नव्हता.

मग मी वर्कशॉपात गेले, काट्याकडे न बघता मीटरवर काळी पट्टी लावली. एकावर एक, संपेपर्यंत. खालचे थर कोणी आणि का लावले असतील, ते मला आता सांगायला कोणी नको होतं. दिसलंच नाही तर सांगायचं काय? डिकी दाबून बंद केली आणि बम्परला दोरीने बांधली. दातांच्या डॉक्टरला फोन लावला, तुमची गाडी आजच्या आज घेऊन जा. तो बाहेरगावी होता. उद्या दुपारी टो करायला ट्रक पाठवतो म्हणाला. "का हो मावशी, जमत नाही का?"

"नाही जमत," मी म्हटलं. असं कधी म्हणावं लागलं तर लाज वाटेल असं मला वाटायचं. काही वाटली नाही.

रात्रभर मी खाटेशी बसून होते. भिंतीपलीकडे काही वाजलं का, वाजलं असेल तर मी कान दिला नाही. पहाटे दूध तापवताना पातेल्याचा चटका बसला, पहिल्या बोटाला पांढरी पट्टी गुंडाळली. दूध पाजताना ह्यांना जरा हुशारी आल्यासारखी वाटली.

"मीटर झालं का?" हे म्हणाले.

"झालं."

"किती दाखवतंय?"

मला उत्तर देववेना. हे माझ्यासमोर होते, ओठ हलताना दिसत होते, आणि तरी देववेना. "बघितलं नाही," मी म्हटलं.

"तू? आणि बघितलं नाहीस?" हे हसले. हसताना दम लागला. "मग संसार बुडाला म्हणायचा आपला."

"बुडू दे," मी म्हटलं. "तुम्ही पडून राहा म्हणजे झालं." त्यांची चादर नीट केली. त्यांनी माझं पट्टी बांधलेलं बोट हातात धरून ठेवलं, लहान मूल धरतं तसं. मला त्या क्षणी वाटलं की बस, एवढा एक दिवस निघू दे. ट्रक येऊ दे, गाडी जाऊ दे. बाकी मी बघून घेईन.

६

ट्रकवाल्याला आमची गल्ली सापडेना. फोनवर सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी मी कोपऱ्यापर्यंत गेले, हात दाखवला, तो म्हणाला ट्रक वळवून आणतो. मी उलट पावली आले. गेले आणि आले, एवढंच. वाकून शटरखालून आत शिरले.

हे गाडीत बसले होते. माझ्या जागेवर. अंगात झोपायचा सदरा, पाय अनवाणी. मीटरवरची पट्टी सोलून त्यांनी नीट गुंडाळून मांडीवर ठेवली होती आणि डोळे काट्याला लावून बसले होते, मान न वळवता, मी बसते तसे. डिकी वर होती. दोरी खाली पडलेली होती, कापलेली नाही, सोडवलेली.

"अहो," मी म्हटलं. "उठा. चला घरात."

"थांब की," हे पुढेच बघत म्हणाले. "एवढ्या हाका मारल्यास, आलो. आता घाई करू नको."

"मी नाही हाक मारली."

पण ते माझ्याशी बोलतच नव्हते. त्यांनी मान जरा मागे कलती केली, कोणी तरी मागून विचारावं तशी, आणि म्हणाले, "हो, हो, बघतोय. हलतोय अजून." मला मागून काही ऐकू आलं नाही. त्यांना येत होतं.

मी गाडीच्या कडेने धावले. मागे जाऊन बघावं की आधी ह्यांना ओढून काढावं, मला ठरवता येईना, आणि त्या गोंधळात माझी नजर मागे गेली. वर केलेल्या झाकणाच्या कडेवर एक हात होता. चार बोटं, कंटाळल्यासारखी पत्र्यावर वाजणारी. कशाची वाट बघायला लागली की माझी वाजतात तशी. पहिल्या बोटाला पांढरी पट्टी होती. माझा हात तेव्हा गाडीच्या दाराच्या मुठीवर होता, आणि त्याच्याही पहिल्या बोटाला तशीच पट्टी होती.

मी मागे गेले नाही. दार उघडून ह्यांच्या शेजारी बसले आणि मीटरवर तळवा दाबून धरला.

"अहो, इकडे बघा. माझ्याकडे. मी इथे आहे."

त्यांनी बघितलं. गिऱ्हाइकाकडे बघतात तसं बघितलं. राग नाही, ओळख नाही, नुसता सभ्यपणा.

"बाई, हात काढता का जरा?" हे म्हणाले. "मागे बायकोचा हात टाकीत आहे. बोटं दुखतात तिची."

"तुमची बायको मी आहे हो."

वेडसर माणसाला दुखवू नये म्हणून आपण मान डोलवतो, तशी त्यांनी मान डोलवली. मग माझी बोटं एकेक करून मीटरवरून सोडवायला लागले. त्यांच्या अंगात जोर नव्हताच. माझ्यातलाच गेला होता. बाहेर ट्रक मागे घेताना वाजतो तो आवाज येत होता आणि मी ह्यांचा दंड धरून सांगत होते, "भरली म्हणा. तुमच्या पाया पडते. काटा काहीही सांगो, एकदा भरली म्हणा."

"असं कसं?" हे म्हणाले. "ती माझ्या भरवशावर विचारतेय."

त्यांनी वाकून काटा बघितला. आणि मागच्याला नीट ऐकू जावं म्हणून आवाज मोठा करून सांगितलं, "रिकामी."

डिकी बंद झाली. आपटली नाही. काम उरकल्यावर दोन्ही हातांनी दाबून बंद करतात, तशी.

७

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. ट्रकवाल्याने आणि मी मिळून ह्यांना गाडीतून काढून खाटेवर आणलं. भला माणूस, संध्याकाळपर्यंत थांबला आणि मगच गाडी घेऊन गेला. मी शटर ओढलं ते ओढलंच. लोक येऊन गेले, बसून गेले. सगळे म्हणाले, त्रास न होता गेले. मी मान हलवली. कोणाला काय सांगणार?

आता घर फार शांत आहे. मला शांतता सोसत नाही. सकाळी उठून मी स्वतःशीच बोलते आणि मध्येच थांबते, कारण उत्तराला प्रश्न लागतो आणि प्रश्न विचारणारं कोणी नाही. राग येतो मला. देवाचा येतो, डॉक्टरचा येतो, ह्यांचाही येतो. एकदा खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? माझ्यासाठी एकदा.

परवा दातांच्या डॉक्टरचा फोन आला. काकांचं ऐकून वाईट वाटलं, म्हणाला, पण काम मात्र फर्स्ट क्लास करून गेले. काटा आता भरलीवर आहे आणि तिथून ढळत नाही.

"टाकीत किती आहे?" मी विचारलं.

"तीच तर गंमत, मावशी. टाकी गाडीत नाहीच. गंज काढायला दिलीय." मग जरा घुटमळून म्हणाला, "एक विचारू? त्या डिकीतून आवाज येतो हो. कोणी तरी बोलल्यासारखा. बायको म्हणते रेडिओ असेल, पण ह्या गाडीला रेडिओ नाही."

"काय बोलतं?"

"किती गं, किती गं, असं काहीतरी."

"आधी खोकतो का?"

"हो," तो म्हणाला. "आधी खोकतो."

मी विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत का? तो म्हणाला, नाही, मला कशाला विचारेल? म्हटलं, छान केलंत. गाडीत कोणी बसू नका, काट्यावर पट्टी लावा आणि गाडी इकडे पाठवून द्या. काम थोडं राहिलंय.

ते हे नाहीत, मला कळतं. ज्याने माझा आवाज काढून ह्यांना खाटेवरून उठवून नेलं, त्याला ह्यांचा काढायला काय लागतं? वेडी नाही मी. पण त्या आवाजात मला कोणी काही विचारून किती दिवस झाले. आणि आता मागे कोणी उरलेलं नाही. प्रत्येक उत्तराला जे काही जायचं ते माझंच जाईल. काटा भरलीवर आहे. उतरत उतरत रिकामीला यायला पुष्कळ दिवस लागतील, आणि तितके दिवस कोणी तरी मला विचारत राहील.

ट्रक दुपारी येईल म्हणालेत. मी वर्कशॉप झाडून घेतलं आणि शटर वर करून ठेवलंय.